चाकांवरचे घर

(नोकरीतून निवृत्त झालेले पती-पत्नी चाकांवरचे घर घेऊन दूरच्या मित्रमैत्रिणींना भेटायला निघाले, तर त्यांना कोणती तयारी करावी लागेल? असे घर चालते तरी कसे? आणि एवढा खटाटोप कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत पाठात दिली आहेत. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले प्रवासाचे शब्दही तुम्हांला या पाठात भेटतील.)

मुलांनो, घर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? चार भिंती, दार, खिडक्या, अंगण. घर एका जागी उभे असते. माणूस सकाळी घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी घरी परततो. परगावी गेला, तरी त्याचे घर मागेच राहते. पण घरच माणसाबरोबर निघाले तर?

असे घर खरोखर असते. मोठ्या मोटारीत झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी, दिवे, पंखा आणि छोटे स्नानगृह असते. अशा वाहनाला मोटारहोम किंवा कॅरव्हॅन म्हणतात. आपण त्याला ‘चाकांवरचे घर’ म्हणू या.

अमेरिका आणि युरोप येथे अशी वाहने पुष्कळ आहेत. तेथील अनेक वृद्ध जोडपी नोकरी संपल्यावर अशा घरातून देशभर फिरतात. कधी मुलाच्या गावी जातात, तर कधी कचेरीतल्या जुन्या सोबत्याच्या. मित्राच्या दारात गाडी उभी करायची, दिवसभर त्याच्या घरी बसून गप्पा मारायच्या आणि रात्री आपल्याच गाडीत येऊन झोपायचे. भेट होते आणि यजमानावर ओझेही पडत नाही.

‘कॅरव्हॅन’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला का? वाटणारच! तो मूळचा फारसी ‘कारवाँ’ आहे. फारसीतून तो युरोपात गेला आणि इंग्रजीत कॅरव्हॅन झाला. पुढे लोकांनी त्याचे नुसते शेपूट ठेवले आणि ‘व्हॅन’ हा शब्द तयार झाला. म्हणजे मुलांना शाळेत सोडणारी व्हॅन ही कारवाँचीच नात म्हणायची!

प्रवासाचे असे आणखी कितीतरी शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहेत. उर्दूतील ‘मुक़ाम’ मराठीत ‘मुक्काम’ होतो. ‘सराय’ची ‘सराई’ होते. ‘मुसाफ़िर’ मात्र मुसाफिरच राहतो. ‘मंज़िल’ची मराठीत ‘मजल’ होते. पण येथे अर्थ थोडा बदलतो, तो नीट लक्षात ठेवा. उर्दूत मंज़िल म्हणजे जेथे पोचायचे ते ठिकाण. मराठीत मजल म्हणजे एका दमात किंवा एका दिवसात कापलेले अंतर. म्हणून ‘मजल दरमजल करीत ते गावी पोचले’ असे म्हटले, की ते टप्प्याटप्प्याने, वाटेत थांबत थांबत पोचले, असा अर्थ होतो.

आपल्या वाशीम जिल्ह्याला तर कारवाँ मुळीच नवा नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव तुम्हांला माहीत असेल. ते बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. या समाजाचा वारसा दाखवणाऱ्या तेथील संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. रेल्वे आणि पक्के रस्ते नव्हते, त्या काळी बंजारा व्यापारी शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेत. पुरुष एकटे जात नसत. बायका, मुले, म्हातारी माणसे, भांडीकुंडी, सारा संसार तांड्याबरोबर चाले. आज कोठे थांबायचे, हे तांड्याचा नायक ठरवी. जेथे पाणी आणि चारा, तेथे मुक्काम. पुढे १८५३ साली मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. हळूहळू लोहमार्ग देशभर पसरले. बैलांवरचा व्यापार बसला आणि फिरते तांडे एका जागी स्थिरावले. आज आपल्या जिल्ह्यात कितीतरी वस्त्यांच्या नावात ‘तांडा’ हा शब्द आहे. त्या नावात एकेकाळच्या चालत्या घरांची आठवण उरली आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी वाहने रात्री सुरक्षित उभी राहतील आणि त्यांना पाणी, वीज व स्वच्छतेच्या सोयी मिळतील अशा जागा तयार व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू आहे. अशी गाडी विकतच घ्यावी लागते असे नाही; ती भाड्यानेही मिळते. पूर्वी तांड्याला पाणी आणि चारा लागे. आजच्या चालत्या घराला पाणी, वीज आणि इंधन लागते. फरक एवढाच!

आता हे घर आतून पाहू. जागा जेमतेम एका लहान खोलीएवढी असते. म्हणून एका वस्तूकडून दोन कामे करून घेतात. दिवसा बसायचा बाक रात्री पलंग होतो. गाडीत दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी घरातील दिव्या-पंख्यांसाठी. रात्रभर पंखा चालला, तरी सकाळी गाडी सुरू व्हायला अडचण येऊ नये, म्हणून ही व्यवस्था. काही गाड्यांच्या टपावर सौरपट्ट्या असतात. उन्हापासून मिळालेली वीज घरातल्या बॅटरीत साठते. आपल्या वऱ्हाडात उन्हाला काय तोटा!

पाण्याच्याही दोन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी भरतात. दुसरीत भांडी धुतलेले, अंघोळीचे पाणी साठते. शौचालयाची टाकी तर आणखी वेगळी असते. ही घाण वाटेत कोठेही, शेतात किंवा नदी-नाल्यात सोडायची नसते. ठरवून दिलेल्या जागीच ती रिकामी करायची असते.

आता एक हिशेब करा. खेड्यातील प्रत्येक माणसाला रोज निदान ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनमध्ये ठरवले आहे. दोन माणसांचे झाले ११० लिटर. समजा, गाडीतील टाकी १०० लिटरची आहे. म्हणजे घरच्यासारखे पाणी वापरले, तर ते एक दिवसही पुरणार नाही! म्हणून चाकांवरच्या घरात तांब्याने, मोजून पाणी वापरतात. कपडे वाटेतल्या मुक्कामी धुतात. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ही सवय शिकवावी लागत नाही.

चालकानेही काही गोष्टी पाळायच्या असतात. गाडी चालू असताना गॅसच्या सिलिंडरचे तोंड बंद हवे. कपाटे कडी लावून बंद केलेली हवीत, नाहीतर पहिल्याच वळणावर ताटल्या खाली येतील. आपल्या गाडीची उंची चालकाला पाठ हवी. रेल्वेखालचा बुटका पूल, रस्त्यावर झुकलेली फांदी, गल्लीतील लोंबत्या तारा यांचा नेम नसतो. शिवाय वयाचा विचारही कायद्याने केलेला आहे. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालवण्याचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. डोळे आणि हातपाय साथ देत आहेत ना, हे पाहणे आपल्या आणि इतरांच्याही भल्याचे आहे.

चला, आता आपण कागदावर एक प्रवास करू. समजा, वाशीममध्ये एक निवृत्त जोडपे आहे. पती दक्षिण मध्य रेल्वेत नोकरीला होते. पत्नी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांनी तीन नावांची यादी केली. रेल्वेतील एक जुने सोबती सिकंदराबादला राहतात. कधीकाळचे शेजारी मुलाकडे बंगळूरला गेले आहेत. आणि पत्नीबरोबर परिचारिकेचे शिक्षण घेतलेली मैत्रीण नोकरी संपल्यावर कन्याकुमारीजवळ आपल्या गावी परतली आहे.

नकाशा उघडा आणि बोट ठेवा. वाशीमहून राष्ट्रीय महामार्ग १६१ धरायचा. हिंगोली, नांदेड, देगलूर, संगारेड्डी या वाटेने हैदराबाद-सिकंदराबाद. हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. तेथून राष्ट्रीय महामार्ग ४४ मिळतो. तो श्रीनगरहून थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. कर्नूल, अनंतपूर, मग बंगळूर. हे सुमारे ५७० किलोमीटर. पुढे सेलमवरून मदुराई सुमारे ४३५ आणि मदुराईहून कन्याकुमारी सुमारे २४५ किलोमीटर. बेरीज केली का? सुमारे १,६५० किलोमीटर झाले. जाऊन येऊन ३,३००.

तरुण चालक हे अंतर तीन-चार दिवसांत कापील. आपल्या जोडप्याला घाई नाही. त्यांनी रोज फार तर अडीचशे किलोमीटर जायचे आणि दिवस मावळायच्या आत थांबायचे ठरवले. म्हणजे जायला सात दिवस आणि यायला सात. तीन घरी दोन-दोन दिवस मुक्काम, ते सहा. दोन दिवस अडीअडचणीसाठी हाताशी ठेवले. एकूण बावीस दिवस. गाडी एका लिटरमध्ये दहा किलोमीटर जाते असे धरले, तर ३३० लिटर डिझेल लागेल. पंपावर आजचा भाव पाहा आणि गुणाकार करा. त्यात गाडीचे भाडे, टोल आणि जेवणखाण मिळवा. आकडा लहान येणार नाही!

सामानात काय घ्यावे? औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, मुलांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद, विजेरी, गाडीची कागदपत्रे. आणि यजमानांसाठी घरची तूरडाळ. वाशीमची डाळ सिकंदराबादच्या आणि बंगळूरच्या चुलीवर शिजली, की निम्म्या गप्पा तेथेच सुरू होतील. जाण्याआधी यजमानांना कळवायचे. त्यांची गल्ली अरुंद असेल, तर गाडी कोठे लावायची ते विचारायचे. शेजाऱ्यांचे दार अडेल अशी गाडी उभी करायची नाही. प्रवास करणाऱ्याचा शहाणपणा येथे दिसतो.

मुलांनो, या प्रवासातील सगळ्यांत महत्त्वाची वस्तू कोणती? गाडी? नकाशा? पैसे? नाही. सगळ्यांत महत्त्वाची आहे ती तीन नावांची यादी. गाडी भाड्याने मिळते. नकाशा दुकानात मिळतो. पण भेटायला माणूसच नसेल, तर ३,३०० किलोमीटर जाऊन करायचे काय?

त्या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. तिच्यात एक नाव पत्नीच्या मैत्रिणीचे आहे. ही गोष्ट साधी नाही. आपल्याकडे पुरुषांच्या ओळखी टिकतात. चौकात, कचेरीत, बाजारात ते भेटत राहतात. मुलगी मात्र लग्न होऊन सासरी जाते. शाळेतली मैत्रीण दुसऱ्या गावी जाते. दोघींची गावे, आडनावे, पत्ते बदलतात. मग चाळीस-पन्नास वर्षे भेट नाही. तुमच्या दादी किंवा नानी लहानपणी कोणाबरोबर सागरगोटे खेळत होत्या, हे तुम्ही कधी विचारले आहे का? निवृत्तीनंतरचा प्रवास ठरवताना यादी दोघांची असावी. नाहीतर घराला चाके लागतील, पण घरातील एक माणूस होते तेथेच राहील.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘आज जाऊ, उद्या जाऊ’ म्हणता म्हणता वर्षे जातात. आधी नोकरी असते, मग मुलांची शिक्षणे, मग लग्ने. वेळ मिळतो तेव्हा गुडघे दुखू लागतात. आणि एखाद्या दिवशी दूरध्वनी येतो, तो मित्राचा नसतो. त्याच्या मुलाचा असतो. ज्या घरी हसत जायचे होते, तेथे मग सांत्वनासाठी जावे लागते. असे कितीतरी घरांत घडते. दूरध्वनीवर आवाज ऐकू येतो, आता चेहराही दिसतो. पण मित्राच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही. त्याची चाल मंदावली आहे, त्याला कमी ऐकू येते, तो पूर्वीसारखा पोटभर जेवत नाही, हे त्याच्या दारात गेल्यावरच कळते.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, एवढी मोठी गाडी आणायची कोठून?” प्रश्न बरोबर आहे. चाकांवरचे घर सर्वांना परवडणारे नाही. पण ज्याला जायचे असते, तो वाट काढतो. केरळातील कोची शहरात विजयन आणि मोहना हे पती-पत्नी चहाचे छोटे दुकान चालवीत. रोजच्या गल्ल्यातून थोडे पैसे ते बाजूला काढीत, कमी पडले तर कर्ज घेत आणि परतल्यावर दुकानात राबून ते फेडीत. अशा रीतीने त्यांनी अनेक देश पाहिले. विजयन यांचे २०२१ साली निधन झाले. मुंबईच्या बद्री बलदवा यांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर २०१७ साली पत्नी पुष्पा आणि लहान नात यांच्यासह मोटारीने लंडन गाठले. एकाजवळ चहाची किटली, दुसऱ्याजवळ मोटार. पण म्हातारपण म्हणजे खाटेवर बसून राहणे नव्हे, हे दोघांनीही दाखवून दिले.

आणि आपली लाल एस.टी. आहेच की! राज्य परिवहन महामंडळ १९८८ पासून ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना चालवीत आहे. तिच्यात चार किंवा सात दिवसांचा पास घेऊन मनाला येईल तिकडे फिरता येते. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले. कारंज्याची मैत्रीण, रिसोडचा सोबती, मंगरुळपीरचे जुने शेजारी यांना भेटायला कॅरव्हॅन कशाला हवी? सकाळची गाडी धरली, तर संध्याकाळी घरी परत येता येते.

मात्र वृद्ध माणसाला एका गोष्टीची गरज असते. कोणीतरी म्हणावे लागते, “चला, मी येतो बरोबर.” गाडीची वेळ पाहणे, पिशवी धरणे, बसमध्ये चढताना हात देणे, ही कामे तुमच्या वयाच्या मुलामुलींना सहज जमतात. म्हणून येत्या सुट्टीत एक काम करा. घरातील वडीलधाऱ्यांजवळ कागद-पेन घेऊन बसा. दोघांनाही विचारा, “तुम्हांला कोणाला भेटावेसे वाटते?” नावे लिहा, गावे लिहा. पत्ता सापडत नसेल तर शोधा. मग त्यांतील सगळ्यांत जवळचे गाव निवडा आणि दिवस ठरवा. पहिली मजल लहान असली तरी चालेल.

शब्दार्थ

निवृत्त – नोकरीची मुदत पूर्ण झालेला
यजमान – ज्याच्या घरी पाहुणा येतो तो, मेज़बान
खटाटोप – पुष्कळ धडपड
वारसा – पूर्वजांकडून मिळालेला ठेवा, विरासत
धोरण – ठरवलेली कार्यपद्धती
परिचारिका – रुग्णांची सेवा करणारी; नर्स
विजेरी – टॉर्च
सांत्वन – दुःखी माणसाला धीर देणे, तसल्ली
वडीलधारी – घरातील मोठी माणसे, बुज़ुर्ग

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘कॅरव्हॅन’ हा शब्द मूळ कोणत्या भाषेतील आहे?
(आ) तांड्याचा मुक्काम कोठे करायचा, हे कोण ठरवी?
(इ) पाठातील जोडप्याच्या यादीत किती नावे होती?

प्र. २. कारणे द्या.
(अ) चाकांवरच्या घरात दोन बॅटऱ्या असतात.
(आ) फिरते तांडे एका जागी स्थिरावले.
(इ) निवृत्तीनंतरच्या प्रवासाची यादी पती-पत्नी दोघांची असावी.

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मजल दरमजल करणे, वाट काढणे, हाताशी ठेवणे.

प्र. ४. मराठीतील ‘मजल’ आणि उर्दूतील ‘मंज़िल’ यांच्या अर्थातील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ५. ‘दूरध्वनीवरील बोलणे आणि प्रत्यक्ष भेट’ या विषयावर आठ ते दहा ओळी लिहा.

उपक्रम : तुमच्या आजी किंवा आजोबांच्या एखाद्या जुन्या मित्राला अथवा मैत्रिणीला, त्यांच्या वतीने, मराठीत पत्र लिहा. ते त्यांना वाचून दाखवा आणि टपालाने पाठवा.